तुझी डोलकाठी उभी राहिली

प्रिय बाळा,

फोनवर रेंज जात होती म्हणून अर्धंच सांगितलं, आता सगळं नीट लिहिते. तुझी शिडाची बोट, एंटरप्राईज, तयार झाली. परवा केत्तूरला मामाच्या शेताखाली उजनीच्या काठावर डोलकाठी उभी केली आणि मला इतका आनंद झाला की रात्री झोपच आली नाही.

तू जहाजावर गेलास तेव्हा ती अंगणात पालथी पडलेली, मागची फळी सडलेली. बाबांनी नुसता रंग मारायचा नाही असं पहिल्यापासूनच ठरवलं होतं, चांगलं लाकूड लागेपर्यंत कुजकं कापत गेले आणि मग मरीन प्लायचा नवीन तुकडा बसवून इपॉक्सीने जोडला. आपल्या सोलापूरच्या उन्हात ते इपॉक्सी वाटीत कालवलं की लगेच तापून घट्ट होतंय, म्हणून पहाटे उठून परातीत पातळ पसरून थोडं थोडंच बनवायचे. जॅक होल्टने 1956 साली काढलेलं डिझाईन आहे ना, सव्वातेरा फुटाची प्लायची बोट, घरच्या हत्यारांनी दुरुस्त होते हे आम्ही बघितलं.

शीड मात्र माझं काम. निळं कापड अजून मजबूत आहे रे, दोराच सगळा उन्हाने मेलेला, बोटाने ओढला की भुगा. ऊन आधी दोरा खातं आणि कापड नंतर. युनिफॉर्म शिवताना आपण सरळ टीप मारतो तशी इथे चालत नाही, वाऱ्याने शीड ताणलं की सरळ टाका तुटतो, नागमोडी टाक्याला ताणायला जागा असते. म्हणून कारखान्यातल्या ताईंकडची झिगझॅग मशीन मागून आणली, जाड पॉलिस्टर दोरा घातला आणि प्रत्येक जोडावर दोनदा टाके मारले. इतकी वर्षं मशीनवर बसले पण एवढं मन लावून कधी शिवलं नव्हतं.

डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारांपैकी एकीचा एक पदर तुटून वर आलेला. बाबा म्हणाले एक पदर गेला म्हणजे पूर्ण तार बदलायची, डोलकाठीचा सगळा भार तिच्यावरच असतो. स्टेनलेसची एकोणीस पदरी तार मुंबईहून मागवली.

आता परवाचं सांगते. आपल्या गल्लीतले काका आठवतात ना, सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलतात ते? ते सुट्टी टाकून आले, बरोबर त्यांची दोन पोरं, आणि तिथला एक मासेमारी करणारा दादा. मामाने आधी वर बघायला लावलं, कारण ॲल्युमिनियमची उंच काठी विजेच्या तारेला लागली तर धरणारे सगळेच गेले. मग जागा बदलून बोट मोकळ्या रानात सरकवली. बाजूच्या दोन्ही तारा आधीच अडकवल्या म्हणजे काठी आडवी कोसळत नाही. बाबांनी बुंधा खाचेत धरला, पोरं मागून खांद्यावर घेऊन चालत पुढे आली, दादाने पुढून दोर ओढला. काकांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, आवाज एकाचाच, बाकी कोणी बोलायचं नाही. सुरुवातीलाच वजन सगळ्यात जास्त लागतं आणि उभी व्हायला आली की एकदम हलकी होते, तेव्हाच दोर ओढणाऱ्याने आवरायचं नाहीतर पुढे जाते. त्यांना हे कोणी सांगावं लागलं नाही, सात नंदीध्वजांच्या सरावात उभं आयुष्य गेलंय त्यांचं.

मामाने खाचेत एक रुपया ठेवला. तूच सांगितलं होतंस ना, लंडनला 1962 मध्ये थेम्सच्या गाळात रोमन जहाज सापडलं आणि त्याच्या डोलकाठीखाली नाणं निघालं. ते काकांना सांगितलं तर त्यांनीही खिशातलं काढून दिलं, एकाखाली एक दोन ठेवली.

शीड चढवून बघितलं पण पाण्यात नेली नाही, सुकाणू धरायला तू पाहिजेस. आत्ता धरण भरलेलं आहे, थंडीत पाणी शांत असतं आणि रोहित पक्षी पण येतात. काकांना पण पहिल्या दिवशी बसवायचं आहे, त्यांना पोहता येत नाही, म्हणून मोठ्या मापाचं लाईफ जॅकेट येताना घेऊन ये. शेंगा चटणी आणि कडक भाकरी डब्यात भरून ठेवेन. तारीख कळली की लगेच कळव, मामा ट्रॅक्टर मोकळा ठेवणार आहे.

तुझी,
आई