काट्यावर पास झालो

मिल्या,

दोनदा तुझा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. फोनवर तू मधेच "बरं ते जाऊ दे, पोरं कशी आहेत" करतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून टाइप करत बसलोय. साडेअकरा झालेत, ही झोपलीय, आणि मला मशीन लावून झोपायचंय. कुठलं मशीन ते पुढं येईलच.

तर बातमी अशी की मी पास झालो. वजन कमी करायच्या ऑपरेशनला. बॅरिअॅट्रिक म्हणतात बघ, गडकरींनी २०११ ला करून घेतलेलं तसलं. पुढच्या महिन्यात १२ तारखेला, पुण्यात. पास हा शब्द मुद्दाम वापरतोय लका, कारण या वजनानं मला आयुष्यभर नापासच केलंय. एनसीसीच्या सिलेक्शनला सरांनी रांगेतनं बाजूला काढलं तेव्हा तू शेजारीच होतास. जत्रेतल्या पाळण्यावाल्यानं पैसे परत दिलेले आठवतात का? आणि आता बेचाळिसाव्या वर्षी एक डॉक्टर कागद बघून म्हणतो, तुम्ही पूर्ण पात्र आहात. मला हसावं का रडावं कळेना. कागद घडी घालून खिशात ठेवला फक्त.

सुरुवात काट्यापासून झाली. घरातला काटा १५० पर्यंतचा. दोन वर्षं झाली, मी उभा राहिलो की तो आकडाच दाखवायचा नाही, एरर यायचा. मी सेल बदलले, फरशी वाकडी असेल म्हणून जागा बदलली, पण आपलं वजन १५० च्या पुढं गेलं असेल हे काही डोक्यात घेतलं नाही. इथल्या डॉक्टरांकडचा काटा तर १३० लाच संपतो. शेवटी पिंट्याच्या आडतीवर गेलो, मार्केट यार्डात, सौदे उरकल्यावर, कोणी नसेल अशा बेतानं. नेमकी तूर उतरवलेली, चार हमाल तिथंच चहा पीत बसलेले. एकानं काट्यावरचा कचरा झाडून दिला आणि म्हणला, "चपला काढा साहेब, चोख लागंल." उभा राहिलो. १५८.४००. पिंट्याच्या मुनीमानं सवयीनं पेन उचललं आणि विचारलं, "बारदान किती वजा करायचं?" सगळे हसले, मी पण हसलो. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग पुण्याला दाखवलं. उंची १६७ भरली. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढाच तो बीएमआय. माझा आला ५६.८. आपल्या लोकांना २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात, म्हणजे मी दुपटीच्याही पुढं. पन्नाशीच्या वरच्याला सुपर ओबीस म्हणतात म्हणे. सुपर हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावापुढं लागला, तो असा.

आधी मला वाटायचं हे ऑपरेशन म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, पण त्याचे नियम ठरलेले आहेत. १९९१ ला अमेरिकेत ठरलं की बीएमआय ४० च्या वर हवा, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत शुगर-बीपीसारखं काहीतरी. २०२२ ला ते खाली आणलं, ३५ च्या वर असेल तर आजार असो नसो, आणि आशियाई लोकांना तर त्याहून कमीला, कारण आपल्याला थोडं वजन वाढलं की लगेच पोटावर चरबी आणि मागनं शुगर. तुझा पण कधीतरी मोजून घे रे. मी तर कुठल्याही पट्टीनं पास. शुगर आहेच, तीन महिन्यांची सरासरी ९.४.

पण गंमत पुढं आहे. मी खूश होऊन विचारलं, मग कधी करायचं? डॉक्टर म्हणाले, तुमच्या आकड्याला ऑपरेशनची सगळ्यात जास्त गरज आहे आणि त्याच आकड्याला भूल देणं सगळ्यात अवघड आहे. म्हणजे बघ, जेवढा जास्त पात्र तेवढा कमी फिट. काट्यानं एका मिनिटात पास केलं आणि बाकीच्यांची परीक्षा तीन महिने चालली. टूडी इको, फुप्फुसाची टेस्ट, सोनोग्राफी, थायरॉइड, कॉर्टिसोल (हार्मोनच्या गडबडीनं वजन वाढलंय का ते बघायला), एंडोस्कोपी. एंडोस्कोपीत पोटात जंतू निघाले, त्याचा चौदा दिवसांचा कोर्स. बीपी बघायला सिस्टर आली तर पट्टा दंडाला पुरेना, वेल्क्रो तडतड उघडायचं. पट्टा लहान पडला की बीपी उगाच जास्त दाखवतो, हे मला त्या दिवशी कळलं, म्हणजे इथं बार्शीत इतकी वर्षं किती खरं मोजलं देव जाणे. ती बिचारी तीन वॉर्ड फिरून मोठा पट्टा घेऊन आली आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. असल्या गोष्टी लक्षात राहतात.

सगळ्यात हादरलो ते झोपेच्या टेस्टला. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून रात्रभर झोपवतात. रिपोर्ट काय, तर तासाला ७२ वेळा श्वास अडकतोय किंवा अर्धवट होतोय. तीसच्या वर गेलं तरी सिव्हिअर धरतात. ऑक्सिजन ६८ पर्यंत खाली जात होता आणि मला वाटायचं मी मस्त घोरत झोपतो. ऑफिसात दुपारी फाइलवर डुलक्या घ्यायचो, साहेब म्हणायचे रात्री काय करता. तर ते मशीन हे, नाकावर मास्क लावून हवा दाबानं आत सोडतं. महिनाभर ते वापरल्याशिवाय भूलतज्ज्ञ सही करणार नव्हते. पहिल्या रात्री गुदमरल्यासारखं झालं, दोनदा काढून फेकलं. पाचव्या-सहाव्या रात्री मिल्या, मला स्वप्न पडलं. कित्येक वर्षांत पडलं नव्हतं. तुमची प्रिया स्कूटर, काका मागं बसलेत आणि ओरडतायत, "क्लच सोड हळू, गाढवा!" उठलो तर उशी ओली. हिला सांगितलं मशीनचं पाणी सांडलं.

इन्शुरन्सचं वेगळंच. तिथं अजून जुना हिशोब आहे, बीएमआय ४० च्या वर, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत हृदयाचं दुखणं, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर किंवा हा झोपेचा सिव्हिअर आजार, आणि शिवाय आधीचे साधे उपाय फसलेले असले पाहिजेत. आता फसलेत हे सिद्ध कसं करायचं? कंपनीचा मेल आला, पुरावे जोडा. वीस वर्षं नापास होतोय, पण नापास झाल्याच्या पावत्या कोण जपून ठेवतो? ही आणि मी अख्खा माळा उपसला. एका जिमची सहा महिन्यांची पावती सापडली (गेलो होतो अकरा दिवस), सोलापूरच्या डाएटिशियनच्या दोन वह्या, आणि त्या काढ्याचं बिल, ज्याच्यानं मला नुसते जुलाब झाले. सगळं स्कॅन करून पाठवलं. दोनदा परत आलं, एकदा सही नाही म्हणून, एकदा उंची एका कागदावर १६७ आणि दुसऱ्यावर १६८ म्हणून. एक सेंटिमीटर! माणूस बुडाला तरी चालेल पण रकाना जुळला पाहिजे. शेवटी झालं मंजूर, साडेचार लाखातले साडेतीन. बाकीचं सोसायटीतनं काढतोय.

तू म्हणशील इंजेक्शन घे की, ते मौंजारो. विचारलं मी. २०२५ ला आपल्याकडं आलं तेव्हा महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार पडत होतं, आणि थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. डॉक्टर म्हणाले त्याला नाव ठेवायचं कारण नाही, ऑपरेशननंतर गरज पडली तर तेही वापरू. पण आधी हे.

करणार काय, तर जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग स्टेपलरनं कापून काढायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. स्लीव्ह म्हणतात. भुकेचं हार्मोन मुख्यतः त्या कापलेल्या भागातनंच येतं. माझ्याएवढ्या वजनाला आधी एवढंच करू, आणि गरज पडली तर दीड-दोन वर्षांनी बायपास (हृदयाचा नव्हे, जठर-आतड्याचा). आई म्हणते, देवानं दिलेलं जठर कापून टाकायचं, आणि मग सणाला खायचं काय? तिला कसं सांगू की जन्मभर गोळ्या घ्यायच्यात, बी-बारा, लोह, कॅल्शियम, आणि पुरणपोळी चार घासांची होणार आहे. धोका पण आहे, लपवत नाही. टाके गळू शकतात, पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात, म्हणून त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. तंबाखूचा मावा कायमचा सोडलाय. खरंच सोडलाय, हसू नको.

मानसोपचारवाल्या मॅडमकडं पण पाठवलं होतं. मला वाटलं वेडा-शहाणा बघतील. त्यांनी एवढंच विचारलं, रात्री खाता तेव्हा सोबत कोण असतं? मी म्हणालो कोणी नाही, अंधारात ओट्यापाशी उभा राहून, शेव-पाव, डबा वाजू नये म्हणून झाकण मांडीवर ठेवून. बोलता बोलता लक्षात आलं की हे मी हिलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

आणि तुलाही एक सांगितलेलं नाही. काकांच्या दहाव्याला मला ताप नव्हता. मी आलो होतो पंढरपूरला. महाद्वार घाटापर्यंत आलो, वरनं खाली वाळवंटात तुम्ही सगळे दिसत होतात, तू मुंडण करून बसलेला, काकू मागं. आणि मी त्या पायऱ्या बघितल्या. उतरलो असतो एकवेळ, पण परत चढायचं कसं? मधे बसकण मारली असती, चार लोकांनी धरून वर आणलं असतं, आणि काकांचा दहावा राहिला बाजूला, सगळे माझ्याकडंच बघत बसले असते. गाडीत जाऊन बसलो. अर्धा तास. मग ड्रायव्हरला म्हणालो चल बार्शी. ज्या माणसानं मला स्कूटर शिकवली त्याला वरनंच हात जोडले. तू नंतर एकदाही विचारलं नाहीस आणि तेच जास्त लागलं. शिव्या द्यायच्या असतील तर दे.

आता सध्या पातळ आहारावर आहे. प्रोटीनची पावडर, ताक, गाळलेलं सूप, दोन आठवडे. चरबीनं लिव्हर एवढं फुगलंय की जठर त्याच्याखाली झाकलं जातं, ते आकसलं तरच दुर्बिणीला वाट मिळते. त्याच्या आधी दीड महिना पण कमी खाऊन थोडं उतरवायला लावलं होतं. मी घाबरून डाएटिशियनला विचारलं, मॅडम वजन कमी झालं तर नापास तर नाही ना करणार? ती इतकी हसली की बाहेरच्या बाकावरचे लोक डोकावले. म्हणाली, काका, तुम्ही कितीही प्रयत्न करा, १२ तारखेपर्यंत काही नापास होत नाही. काका म्हणाली लका मला.

आज सकाळी घरातल्या काट्यावर उगाच पाय ठेवला. थोडा वेळ आकडे पळाले, मी एररची वाट बघतोय, आणि १४९.६ येऊन थांबला. हिला हाक मारली, ती पोळपाट तसाच टाकून आली, तोवर काटा बंद झाला. परत उभं राहून दाखवलं.

तर काम असं आहे की ११ ला संध्याकाळपर्यंत पुण्याला ये. ही असेलच, पण १२ ला रात्री मला धरून कॉरिडॉरमधनं चालवायचंय, आणि हिच्याच्यानं मी सावरला जाणार नाही. दोन दिवस रजा टाक. वहिनींना सांग डबा वगैरे काही करू नका, आणि तू येताना शेंगाची चटणी आणू नकोस, बघवणार नाही. घाटाचं काकूंना आत्ताच बोलू नको. ते मी स्वतः जाऊन सांगतो.

तुझा,
संत्या