कळ चालू असतानाच सीटी स्कॅन व्हावा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोटात कळा, उलट्या. पण जुन्या ऑपरेशनचा व्रण नाही, जांघेत वा बेंबीपाशी फुगवटा नाही. अशा रुग्णाला गॅसेसचे औषध मिळते आणि अंतर्गत हर्निया हातून निसटतो. यात लहान आतडे पोटातल्याच खाचेत किंवा मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) भोकात शिरते. जन्मजात प्रकारांत ड्युओडेनमशेजारचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाशेजारचा), त्यातही डावीकडचा, सर्वाधिक आढळतो. गॅस्ट्रिक बायपास या वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर वर्षांनीही असा हर्निया होऊ शकतो. त्या रुग्णांच्या पोटदुखीला कधीच किरकोळ समजू नये.

आतडे अनेकदा आपोआप सुटते, कळ थांबते आणि मग केलेला सीटी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून आमची पहिली मागणी: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रात्रीही शिरेतून काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेले औषध) देऊन सीटी व्हावा, तोही कळ चालू असताना. पिशवीत कोंबल्यासारखी एकत्र आलेली वेटोळी, ताणलेल्या किंवा पिळलेल्या रक्तवाहिन्या या खुणा वाचणारा रेडिओलॉजिस्ट फोनवर तरी हवाच. रक्तातले लॅक्टेट (आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर वाढणारा घटक) नॉर्मल आले म्हणून थांबणे धोक्याचे आहे. ते वाढते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी), सलाईन, पोटॅशियमची दुरुस्ती लगेच सुरू करावी, पण त्यासाठी ऑपरेशन लांबवू नये. पोट उघडल्यावर सीकमपाशी (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपाशी) रिकामे आतडे शोधून तिथून मागे जावे. अडकलेला भाग हलक्या हाताने ओढून काढावा. भोकाचे तोंड घट्ट असले की कात्री चालवण्याचा मोह होतो, आणि घात तिथे होतो. ड्युओडेनमशेजारच्या हर्नियात डावीकडच्या पिशवीच्या पुढच्या कडेत इन्फीरियर मेसेंटरिक शीर असते, उजवीकडच्यात सुपीरियर मेसेंटरिक धमनी (दोन्ही आतड्याच्या मोठ्या रक्तवाहिन्या). विन्स्लोच्या छिद्रापुढे (यकृताखालच्या नैसर्गिक छिद्रापुढे, यातही आतडे अडकते) पोर्टल शीर, यकृताची धमनी आणि पित्तनलिका असतात. तिथे कापायचे नाहीच, फुगलेले आतडे सुईने रिकामे करून सोडवायचे. काळवंडलेल्या आतड्यावर कोमट सलाईनचे पॅड ठेवून 10 ते 15 मिनिटे वाट पाहावी. रंग परतला नाही तर तो भाग काढावा. शंका उरली तर 24 ते 48 तासांत पोट पुन्हा पाहावे. भोक न विरघळणाऱ्या टाक्यांनी बंद करावे. उघडे राहिले तर आतडे पुन्हा शिरू शकते.

दुसरी मागणी: जिथे सीटी किंवा सर्जन नाही तिथून रुग्ण थेट सर्जन असलेल्या रुग्णालयात जावा, मधल्या रुग्णालयाच्या चिठ्ठीची अट नसावी. आणि 108 सारख्या रुग्णवाहिकेत बसवण्याआधीच पुढच्या सर्जनला फोन गेलेला असावा.

आपले,
पोटाचे सर्जन व रेडिओलॉजिस्ट