झोपाळ्याच्या फळीचे टेबल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पडवीतला झोपाळा उतरवल्यावर त्याची फळी मी पुण्याला कशाला नेली, असे बाबा फोनवर विचारत होते आणि मी विषय बदलत होते. वैशाखात तुमच्या लग्नाला 50 वर्षे होतील, त्यानिमित्त त्या फळीचे जेवणाचे टेबल करून घेतले आहे. आधी विचारले असते, तर "आम्हाला काय करायचे आहे टेबल" म्हणत आईने ती माळ्यावर टाकायला लावली असती, म्हणून विचारले नाही. झोपाळा काढला तो केवळ कड्या झिजल्या म्हणून, हे बाबांनी मनात पक्के ठेवावे. आणि पाटावरून उठताना आई भिंतीचा आधार घेते, ते मी पाहिलेलेच नाही असे समजावे.

फळी कोठेही चिरलेली नाही. कड्यांची चारही भोके शिसमाच्या गोल खुंट्यांनी बुजवली आहेत. कोकणच्या पावसात साग झाला तरी रुंदीत थोडा फुगतोच आणि जखडून ठेवला तर तडकतो, म्हणून खालच्या चौकटीत स्क्रूंसाठी लांबट खाचा ठेवल्या आहेत. उंची नेहमीच्या 30 इंचांऐवजी 28 घेतली, म्हणजे बुटक्या खुर्चीवर बसून आईचे पाय जमिनीला टेकतील. खण तिच्या डाव्या हाताला आहे, कारण बाबांच्या गोळ्या शेवटी तीच काढून देते. कडेला मी कर्कटकाने कोरलेले अर्धे नाव मात्र रंध्याखाली जाऊ दिले नाही. उरलेले अर्धे का राहिले, ते बाबांना ठाऊक आहे. आईच्या मांडीवर डोके ठेवून त्या फळीवर लागायची तशी झोप मला अजून कोठे लागत नाही. टेबल कुरकुरणार नाही, एवढी उणीव मान्य आहे.

लाखेच्या पॉलिशवर गरम भांड्याचे पांढरे डाग उठतात आणि आई आमटीचे पातेले थेट ठेवणारच, म्हणून जवसाचे तेल दिले आहे. तरीही पातेल्याखाली काहीतरी ठेवावे. पाणी सांडल्यास लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. वर्तमानपत्रांची रद्दी त्यावर साठवू नये. आणि आईने बाबांचे झाल्यावर ओट्याशी उभ्याने जेवणे आता बंद करावे, दोघांनी एकदमच बसावे.

टेम्पो शनिवारी येईल आणि सुतारकाका सोबत येऊन पाय जोडतील. बाबांनी फळीला हात लावू नये. खुर्चीवर बसून सूचना अवश्य द्याव्यात. त्या कोणत्या असतील, ते मी सुतारकाकांना आधीच सांगून ठेवले आहे.

तुमची,
धाकटी