ह्यूस्टनच्या अविजेत्या संघांत पहिला मान १९६८ च्या संघाचा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये विजेतेपदाविना राहिलेल्या मोठ्या संघांवरचा लेख वाचला. त्यात ह्यूस्टन विद्यापीठाच्या १९८३ च्या संघाला, म्हणजे ‘फाय स्लॅमा जॅमा’ या नावाने गाजलेल्या संघाला, पहिले स्थान दिले आहे. या चर्चेसाठी ह्यूस्टनची निवड योग्यच आहे, कारण २०२५ पर्यंत सात वेळा अखेरच्या चार संघांत मजल मारूनही राष्ट्रीय विजेतेपदाने या विद्यापीठाला दर वेळी हुलकावणी दिली. लेखातील क्रम मात्र मला पटत नाही. पहिला मान १९६७-६८ च्या संघाचा आहे आणि १९८३ च्या संघाला मी दुसराही क्रमांक देणार नाही.

अविजेत्या संघाची थोरवी ठरवताना तो कोणाला हरवून आला, अखेर कोणाकडून हरला आणि कसा हरला, एवढे तरी पाहावे लागते. १९६८ च्या हंगामात ह्यूस्टनसमोर यूसीएलएचा, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ होता, ज्याने १९६७ ते १९७३ या काळात सलग सात विजेतेपदे मिळवली. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झालेला ल्यू अल्सिंडर त्या संघातून तीन हंगाम खेळला आणि त्या तीन वर्षांत यूसीएलएने ८८ सामने जिंकून केवळ दोन गमावले. त्या दोनांपैकी एक पराभव ह्यूस्टनने केला. २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टनच्याच बंदिस्त स्टेडियममध्ये, अ‍ॅस्ट्रोडोममध्ये, बेसबॉलच्या मैदानाच्या मधोमध अंथरलेल्या लाकडी कोर्टवर, ५२,६९३ प्रेक्षकांसमोर ह्यूस्टनने ७१-६९ असा विजय मिळवून यूसीएलएची सलग ४७ विजयांची मालिका खंडित केली. ह्यूस्टनच्या एल्विन हेजने एकट्याने ३९ गुण केले, १५ रिबाउंड घेतले (म्हणजे हुकलेले चेंडू मिळवले) आणि शेवटचे अर्धे मिनिट उरले असताना बरोबरी फोडणारे दोन्ही फ्री थ्रोही (फाउलबद्दल मिळणारे विनाअडथळा फटके) त्यानेच साधले. अल्सिंडरच्या डोळ्याला आठवडाभर आधी इजा झाली होती, हे मान्य करायला हवे. तो त्या रात्री नेहमीसारखा खेळू शकला नाही. तरीही उरलेला संघ धडधाकट होता आणि त्याला दोन गुणांनी का होईना, हरवावे लागलेच.

या संघाविरुद्धचा खरा आक्षेप पुढचा आहे, आणि आपल्या लेखकाने त्याच्यावरच भर दिला आहे. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात हेच दोन संघ पुन्हा भिडले तेव्हा यूसीएलएने १०१-६९ अशी धूळ चारली. यूसीएलएचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी चार खेळाडूंचा बचावाचा चौकोन उभा करून पाचव्याला, लिन शॅकलफर्डला, हेजच्या मागे सावलीसारखे लावले आणि हंगामात सरासरी ३६.८ गुण करणारा हेज दहा गुणांवर अडकला. बत्तीस गुणांचा पराभव लपवता येत नाही. पण तो सामना यूसीएलएच्याच शहरात, लॉस एंजेलिस स्पोर्ट्स अरीनामध्ये होता (गंमत म्हणजे अ‍ॅस्ट्रोडोमच्या सामन्यासाठी लाकडी कोर्टही तिथूनच आणले होते), आणि ह्यूस्टनचा मुख्य चेंडू-वाहक जॉर्ज रेनॉल्ड्स शैक्षणिक पात्रतेच्या नियमात अडकून बाहेर बसला होता. चेंडू वेळेवर हेजच्या हातात पोहोचवणाराच नसल्यावर तो चौकोन फोडणार कोण? त्या दिवसापर्यंत हा संघ ३१ सामन्यांत अपराजित होता. शिवाय त्या वर्षी महाविद्यालयीन खेळात डंकवर, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये घालण्यावर बंदी होती, म्हणजे उंच हेजला आपले सर्वांत सोपे अस्त्र न वापरता हे सगळे साधावे लागले.

आता १९८३ कडे वळतो. तो संघ डोळ्यांचे पारणे फेडणारा होता, सलग २६ सामने जिंकून अंतिम फेरीत आला होता, यात शंका नाही. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींतही हा विषय निघाला की बहुतेकांची पसंती त्यालाच असते. मला वाटते, त्या संघातल्या हकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर यांनी १९९५ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स या व्यावसायिक संघाला मिळवून दिलेल्या विजेतेपदाची पुण्याई त्यामागे आहे. पण अल्बुकर्कीच्या त्या अंतिम सामन्यात समोर होता हंगामात दहा सामने गमावलेला नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा संघ. पहिल्याच सत्रात ड्रेक्सलरला चार फाउल लागले. दुसऱ्या सत्रात पिछाडी भरून काढून ह्यूस्टनने ४२-३५ अशी आघाडी घेतली, आणि तिथे प्रशिक्षक गाय लुईस यांनी खेळ संथ केला. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळेत फटका मारण्याचे बंधन नसल्यामुळे चेंडू हवा तितका वेळ फिरवत ठेवता येत होता. धावत सुटणे हीच ज्यांची ताकद, त्यांनाच थांबवले गेले. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक जिम व्हाल्वानो यांनी हे ओळखून मुद्दाम फाउल करवून ह्यूस्टनला फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवले, आणि त्या दिवशी ह्यूस्टनचे १९ पैकी जेमतेम १० फ्री थ्रो आत गेले. ५२-५२ अशी बरोबरी असताना डेरेक व्हिटनबर्गने लांबून फेकलेला चेंडू बास्केटपर्यंत पोहोचलाच नाही, तो लोरेन्झो चार्ल्सने हवेतच पकडून डंक केला, आणि वेळ संपली. त्या शेवटच्या डंकला दुर्दैव म्हणता येईल, फ्री थ्रोना नाही. ओलाजुवानने २० गुण आणि १८ रिबाउंड घेतले आणि पराभूत संघात असूनही स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला, हेही इथे नमूद केले पाहिजे. १९८४ चा संघ ड्रेक्सलरविना अंतिम फेरीत आला आणि पॅट्रिक युइंगच्या जॉर्जटाउनकडून ८४-७५ असा रीतसर हरला. त्याच्याविषयी वाद घालण्यासारखे फारसे नाही.

दुसरा क्रमांक मी प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांच्या २०२५ च्या संघाला देतो. त्या हंगामात ३५ विजय आणि पाच पराभव, आणि त्या पाचांतले तीन जादा वेळेत. उपांत्य सामन्यात ड्यूकविरुद्ध १४ गुणांची पिछाडी भरून काढून ७०-६७ असा विजय मिळवणाऱ्या या संघात ओलाजुवानच्या तोडीचा एकही खेळाडू नव्हता. सारा भार बचावावर होता. फ्लोरिडाच्या वॉल्टर क्लेटनला त्यांनी अंतिम सामन्याच्या पहिल्या सत्रात एकही गुण करू दिला नाही, आणि दुसऱ्या सत्रात आघाडी बारा गुणांपर्यंत नेली. तरी ६५-६३ असा पराभव झाला. शेवटच्या क्षणी एमॅन्युएल शार्प तीन गुणांच्या फटक्यासाठी उडाला, क्लेटन अंगावर धावून येताना दिसताच त्याने चेंडू सोडून दिला, आणि नियमाप्रमाणे त्याला तो पुन्हा हातात घेता येईना. चेंडू जमिनीवर टप्पे खात असताना तो नुसता पाहत राहिला. बारा गुणांची आघाडी गमावली, हा दोष त्यांच्याकडे जातोच आणि म्हणूनच मी त्यांना १९६८ च्या वर नेत नाही. पण आपला खेळ सोडून दिल्यामुळे ते हरले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

जाता जाता एक दुरुस्ती सुचवतो. १९६८ चा १०१-६९ हा पराभव अंतिम सामन्यातील असल्याचे लेखात छापले गेले आहे. तो उपांत्य सामना होता. अंतिम सामन्यात यूसीएलएची गाठ नॉर्थ कॅरोलिनाशी पडली होती. पुढील अंकात ही चूक दुरुस्त व्हावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
ह्यूस्टन, टेक्सास