पीआर कधी मिळते हे विचारता, ती कधी जाते हेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या नोकऱ्यांविषयी आपल्या दैनिकात येणारे लेख मी आवर्जून वाचते. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आपण सगळे ज्याला पीआर म्हणतो तो, कुठे किती लवकर मिळतो हे त्यात हमखास असतं. तो जातो कसा, हे मात्र माझ्या वाचनात कधी आलं नाही. माझा गेला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये मी ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्यावर, जर्मनीत आले. जर्मन भाषेची बी-१ (मध्यम पातळीची) परीक्षा दिली असेल तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांत पीआर मागता येते. ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लास करून मी ती परीक्षा दिली आणि २०१८ मध्ये पीआर घेतली. तिचं जर्मन नाव 'निडरलासुंग्सएरलाउबनिस'. या परवान्याला मुदत नाही, तो कोणत्याही एका नोकरीला बांधलेला नाही. आता व्हिसाचा विषय संपला, असंच मी धरून चालले.

सप्टेंबर २०२२ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी एकुलती एक. बिनपगारी रजा टाकली आणि ११ सप्टेंबरला निघाले. उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं अडखळत. रोज सकाळी व्यायामाच्या वेळी मी त्यांच्या बोटांत शर्टाचं बटण धरून द्यायची आणि ते सुटून जायचं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गळ्याजवळचं बटण स्वतः लावलं. आईला हाका मारून बोलावलं आम्ही. त्याच आठवड्यात माझे सहा महिने भरले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

२० एप्रिल २०२३ ला मी परत गेले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कार्ड पाहिलं, मग पासपोर्टची पानं उलटत भारतीय इमिग्रेशनचे दोन शिक्के शोधले. येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहिली आणि खाली रेघ मारली. मी उलट्या बाजूनेही ते वाचू शकत होते: सात महिन्यांच्या वर. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की पीआर आपोआप रद्द होते, त्यासाठी कुणी नोटीस पाठवत नाही, हे मला त्या काउंटरवर समजलं. माझ्या हातातलं कार्ड दिसायला अगदी धडधाकट होतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने मला परत पाठवलं.

त्या अधिकाऱ्यावर माझा राग नाही. त्याने कायदा पाळला, आणि माझ्याशी तो नीट बोलला. मला छळतात त्या माझ्या हातून राहून गेलेल्या दोन गोष्टी.

पहिली म्हणजे एका पानाचा अर्ज. सहा महिन्यांत परतणं जमणार नसेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून मुदत वाढवून मागता येते. हा अर्ज निघण्यापूर्वी, निदान सहा महिने भरायच्या आत करायचा. आईवडिलांचं आजारपण हे त्यासाठी सांगण्याजोगं कारण आहे, शेवटी निर्णय कार्यालयाचा. (कायमचं परतायच्या हेतूने देश सोडला तर मात्र हे सहा महिनेही मिळत नाहीत.) मला हे माहीत असतं तर विमानतळावर जातानाच मेल टाकली असती.

दुसरी चूक जास्त बोचते. पाच वर्षं झाल्यावर जर्मनीत आणखी एक कायम परवाना मागता येतो, युरोपीय संघाचा दीर्घकालीन वास्तव्य परवाना. ब्लू कार्डावरून आलेल्या माणसाच्या हातात तो असेल तर युरोपीय संघाबाहेर सलग २४ महिने राहिलं तरी टिकतो. २०२१ मध्येच मला तो मागता आला असता. एका सहकाऱ्याने सुचवलंही होतं. पीआर आहे ना, मग आणखी एक कार्ड कशाला, असं मी त्याला म्हणाले.

वाचकांनी आणखी एक लक्षात घ्यावं. साध्या ब्लू कार्डाला बाहेर राहण्यासाठी १२ महिने मिळतात. म्हणजे ज्या तात्पुरत्या परवान्यातून सुटायची मला घाई होती, तो माझ्या वडिलांच्या आजारपणात टिकला असता, आणि 'कायम' म्हणवणारा टिकला नाही. सगळ्या देशांचे हिशेब वेगळे आहेत. ब्रिटनमधला कायम परवाना सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर जातो. कॅनडात पाच वर्षांतले ७३० दिवस भरावे लागतात. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल आणि वर्षभरापेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल, तर निघण्याआधी तिथे असतानाच री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवानगीचा, अर्ज करावा लागतो.

माझी कंपनी माझ्या पाठीशी उभी राहिली. नवीन व्हिसा, नवीन ब्लू कार्ड, ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा पहिला दिवस. जुलै २०२५ मध्ये २१ महिने भरले, तेव्हा ओळखीचे सगळे विचारू लागले, पीआर कधी टाकतेस? मी टाकली नाही. वडील आता काठी घेऊन चालतात, आई ७१ वर्षांची आहे, आणि पुढचा फोन कधी येईल ते मला सांगता येत नाही. मला आज सहा महिन्यांपेक्षा बारा महिने हवे आहेत. पाच वर्षं पूर्ण झाली की थेट युरोपीय संघाच्या परवान्यासाठी अर्ज करीन. यात धोका आहे हे मी जाणते. ब्लू कार्ड नोकरीवर उभं असतं. नोकरी गेली तर ते अडचणीत येतं, पीआरवाल्याला ती काळजी नसते. ज्याची नोकरी डळमळीत आहे आणि ज्याचे आईवडील धडधाकट आहेत, त्याने पीआर आधी घ्यावी असंच मी सांगेन.

नागरिकत्वाचंही लोक विचारतात. २७ जून २०२४ पासून जर्मनी मूळ नागरिकत्व सोडायला लावत नाही, आणि पाच वर्षांत अर्ज करता येतो. पण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत जे ओसीआय कार्ड देतो, त्यावर येता-जाता येतं, राहता येतं, मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. जर्मन पासपोर्ट असता तर त्या काउंटरवर मला कुणी अडवलं नसतं, हे खरं आहे. तरीही माझं मन अजून तयार होत नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे परदेशातल्या परवान्यांची माहिती छापाल तेव्हा 'किती वर्षांत मिळतो' या रकान्याशेजारी 'किती दिवस बाहेर राहिल्यास जातो' असा आणखी एक रकाना द्यावा. माझ्यासारखी बरीच मुलं-मुली इथे आहेत, ज्यांना रात्री-अपरात्री फोन आला की मिळेल ते तिकीट काढावं लागतं.

आपली,
एक वाचक, जर्मनी