तारा दिसत नाहीत, खांब बघायचे

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

लढाऊ विमानं जमिनीला लागून कशी उडवतात, यावरचा लेख दिवाळी अंकात छापून आला. वर नाव माझं असलं, तरी तो उभा राहिला तुमच्या गॅलरीत, काकूंच्या तिसऱ्या चहाच्या आसपास. म्हणून हे जाहीर आभार.

मी लिहून आणलं होतं, 'विमान झाडांचे शेंडे चाटत गेलं.' तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "म्हणजे किती मीटर?" मला कुठे ठाऊक! मग दुधाच्या बिलामागे तुम्ही हिशेब मांडलात. तुमचं जॅग्वार लढाऊ विमान, ताशी ८०० किलोमीटर, जमिनीपासून ३० मीटर. सेकंदाला सव्वादोनशे मीटर मागे पडतात. नाक नुसतं तीन अंश झुकलं, तर जमीन अडीच सेकंदांवर. "नकाशा बघायचा तर आधी नाक थोडं वर, मग नकाशा. शिंकेलाही हाच नियम."

इतक्या खालून जायचं कशाला, तर रडार सरळ रेषेत बघतं. टेकडीमागचं आणि पृथ्वीच्या गोलाईआडचं त्याला दिसत नाही. हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण विजेच्या तारा वैमानिकाला दिसतच नाहीत, तो खांब हेरतो आणि खांबाच्या डोक्यावरूनच पलीकडे जातो, हे कुठे वाचणार? आणि थरच्या वाळवंटातलं ते झुडूप! खुरटं झुडूप मोठं झाड वाटलं, की आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास होतो. माणूस निवांतपणे आणखी खाली येतो. हे सांगताना तुमचा हात टेबलावरून सरकत बशीला टेकला होता.

राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईचा परिच्छेद मात्र तुम्ही उभा-आडवा खोडलात. ५ डिसेंबर १९७१. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, ती उजाडण्याची वाट बघत होती, एवढंच ठेवलंत. मी तिथे तुम्हाला घुसवू पाहत होतो. "अरे, मी तेव्हा शाळेत होतो!" 'थरारक' हा शब्द सात ठिकाणी होता, तोही गेला. खरं सांगतो, तेव्हा राग आला होता.

पक्षी धडकून एक इंजिन बंद पडलं, त्या दिवसाबद्दल तुम्ही एकच वाक्य बोललात, "दुसरं होतं ना." मी ते तसंच छापलंय.

शनिवारी अंक घेऊन येतो. दुधाचं बिल माझ्याकडेच आहे; काकू शोधत असतील तर सांगा.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा लेखक