चि. ताईस, जटेवरच्या तुझ्या लेखाविषयी

कोल्हापूर, रविवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री फोनवर मी तुला ‘माफी मागून मोकळी हो’ म्हणालो आणि तू फोन ठेवून दिलास. ते वाक्य मी मागे घेतो. तुझ्या लेखाविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज गेला आहे, असे नानांनी सांगितल्यावर माझे हातपाय गळाले होते आणि भीतीपोटी तोंडाला आले ते बोलून गेलो. फोनवर तुझ्याशी नीट बोलणे मला कधी साधले नाही, म्हणून हे पत्र लिहून नानांच्या धाकट्याबरोबर आजच पाठवतो आहे.

आधी कायद्याचे सांगतो, कारण एकतीस वर्षे कोर्टात रोजनामे लिहिल्यावर तेवढे तरी मला ठामपणे सांगता येते. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे पूर्वीचे २९५-अ हे कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ झाले आहे. लाहोरात छापलेल्या एका पुस्तिकेवरून वाद पेटल्यावर १९२७ साली इंग्रज सरकारने ते आणले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. परंतु अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने केलेला असावा लागतो, आणि अनवधानाने किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच स्पष्ट केले आहे. शिवाय शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून न्यायालयाला या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. तेव्हा नुसत्या अर्जाने घाबरू नकोस. बोलावणे आले तर वकिलांना बरोबर घेऊन जा, जे सांगायचे ते लेखी दे आणि त्याची पोच घे. आणि सकाळी एकटी फिरायला जाऊ नकोस.

हे शेवटचे वाक्य मी लिहिणार नव्हतो.

तुझा लेख मी तीनदा वाचला. तू पाहिलेल्या आक्का जट गेल्यानंतरच्या होत्या. माझ्या लहानपणी त्यांची जट कमरेपर्यंत होती. हळद, कुंकू आणि तेल वर्षानुवर्षे बसून ती सुंभाच्या दोरासारखी कडक झाली होती, पावसाळ्यात तिला कुबट वास यायचा, आणि रात्री आक्का ती वेगळ्या उशीवर ठेवून झोपायच्या, कारण तिच्या ओढीने मान वळत नसे. केस न विंचरल्याने, त्यांत तेल आणि मळ साचल्याने गुंता होतो, हे साधे कारण घरात कोणी तोंडातून काढत नव्हते. देवीचे बोलावणे आले असे सगळे धरून चालत आणि त्या बोलावण्यापायी आक्कांचे लग्न झाले नाही. मी नऊ वर्षांचा असताना, रेणुकेच्या सौंदत्तीहून आलेल्या बायका ओसरीवर बसल्या होत्या, तेव्हा मी मोठ्याने विचारले की देवीला आक्कांचे केस कशाला हवेत? आबांनी सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. पुढे वीस वर्षे मी तो प्रश्न विचारला नाही.

तो सोडवला तुझ्या आईने. लग्न होऊन आल्यावर ती रोज दुपारी आक्कांच्या मानेला तेल चोळत बसायची. देवीबद्दल तिने कधी वावगा शब्द काढला नाही. फक्त मान फार दुखते का, एवढेच विचारायची. दोन वर्षांनी आक्कांनी आपण होऊन कात्री मागितली. कापताना कात्री दोनदा अडकली. जट खाली पडल्यावर आक्कांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे नेली आणि मग त्या रडल्या. ती जट कोऱ्या खणात गुंडाळून त्या ओढ्यावरच्या रेणुकेला घेऊन गेल्या, आणि मरेपर्यंत दर मंगळवारी त्या देवळात जात राहिल्या.

म्हणून तुझ्या लेखातले ‘सौंदत्तीला निघालेली मेंढरे’ हे शब्द मला लागले. आक्का त्या मेंढरांत होत्या, ताई. ते लिहिण्याचा तुला अधिकार नाही, असे मी म्हणत नाही. त्या दोन शब्दांसाठी पोलिसांनी तुझ्या दारात येणे मला मुळीच मान्य नाही. प्रथेवर हवा तेवढा घाव घाल, देवीच्या नावावर पोट भरणाऱ्यांना सोडू नकोस, पण जिच्या मानेवर ते ओझे आहे तिला हसू नकोस. पुन्हा उपदेश झाला. क्षमा कर.

सौम्य लिहिले म्हणजे सुरक्षित राहशील, अशीही माझी समजूत नाही. आपला विरोध देवाला नसून देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, हे डॉ. दाभोलकर किती तोलून, किती शांतपणे सांगत. तरीही २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला ज्यांचे नाव आहे, त्या विठ्ठल रामजी शिंद्यांनीही देवाला मुली वाहण्याविरुद्ध झगडा केला होता. खटल्याचा निकाल लागला १० मे २०२४ ला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. पावणेअकरा वर्षे. तारखा मोजण्याची सवय माझी जात नाही.

आणि आपले पानसरे अण्णा. कोर्टाच्या व्हरांड्यात कामगारांशी बोलत उभे असलेले मी त्यांना पाहिले आहे. १६ फेब्रुवारी २०१५ ला ते उमाताईंबरोबर फिरून घरी परतत होते, तेव्हा सागरमाळावर दोघांवर गोळ्या झाडल्या, आणि चार दिवसांनी अण्णा गेले. बातमी आली तेव्हा मी रंकाळ्यावरून फिरून नुकताच आलो होतो आणि बुटांची नाडी सोडत होतो. ती नाडी मला सुटेना. त्या वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड संशोधक कलबुर्गी सरांना सकाळी त्यांच्याच घराच्या दारात मारले. म्हणून सकाळची वेळ मला सोसत नाही. तुझी सकाळची फेरी त्याच पुलावरून असते, हे तू सांगितले नसलेस तरी मला माहीत आहे.

तुझ्या आईने लेखाचे कात्रण विम्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवले आहे. काल शेजारच्या काकू आल्या तेव्हा तिने त्यांना जटेच्या वजनाचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, आणि मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. जो प्रश्न विचारल्यावर मला थप्पड मिळाली, तो तू छापून आणलास. मला किती अभिमान वाटला, ते शुक्रवारीच सांगायला हवे होते.

मंगळवारी पहिल्या एसटीने निघतो. वकिलांना दुपारची वेळ सांगून ठेव. माफीचा विषय मी काढणार नाही. बुधवारी सकाळी आपण दोघे फिरायला जाऊ, पुलावरूनच जाऊ. तोपर्यंत दोन दिवस एवढे माझे ऐक. माझे बूट मी आत्ताच पिशवीत भरून ठेवले आहेत.

तुझे,
बाबा